लाकडाला वाळू द्या

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरलं की नजर आधी खांबांवरच्या हत्तींकडे जाते, मग समोरच्या स्तूपाकडे. छताकडे मान वर करून बघणारे थोडेच. तिथे जवळपास १४ मीटर उंचीवर कमानदार लाकडी फासळ्यांची रांग आहे. लेणं अखंड खडकात कोरलेलं, त्यामुळे छताला आधाराची काहीच गरज नव्हती. तरीही ते कोरणाऱ्यांनी त्या काळच्या लाकडी इमारतींच्या धर्तीवर खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवल्या आणि स्तूपावर छत्रीही लाकडाचीच उभी केली. सुमारे दोन हजार वर्षं झाली, त्यातलं मूळ लाकूड अजून जागेवर आहे. आणि हे लोणावळ्याच्या परिसरात, जिथे पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी ओली असते की दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत.

आता ठाण्यातल्या किंवा रत्नागिरीतल्या एखाद्या फ्लॅटचं बाथरूम बघा. दार बसवून सहा-सात वर्षं झालेली असतात आणि त्याचा खालचा वीतभर भाग काळा पडून फुगलेला असतो. बोटाने दाबलं तर आत जातो. दार लाकडाचंच आणि हवाही दमटच. तरी एका ठिकाणी लाकूड शतकानुशतकं टिकतं आणि दुसऱ्या ठिकाणी दहा वर्षंही काढत नाही. हा फरक नीट कळला, तर कोकणात, मुंबईत, गोव्यात घर बांधताना लाकडाची जी भीती बसली आहे ती बरीचशी जाईल. ती जावी असं मला मनापासून वाटतं, कारण या भीतीपोटी चांगल्या घरांतून लाकूड हद्दपार होत चाललं आहे.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. झाड जिवंत असताना यांतल्या काही नळ्यांतून मुळांकडचं पाणी वर चढत होतं. झाड तोडल्यावर नळ्यांच्या पोकळीतलं पाणी आधी निघून जातं. नळ्यांच्या भिंतींमध्ये मुरलेलं पाणी मात्र सहजी निघत नाही. पोकळ्या रिकाम्या आणि भिंती पुरत्या भिजलेल्या, अशा अवस्थेत लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या २८ ते ३० टक्के पाणी असतं. लाकडाच्या व्यवहारातला हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा. याच्या वर कितीही पाणी असलं तरी लाकडाचं माप बदलत नाही. याच्या खाली उतरलं की भिंती आकसू लागतात आणि लाकूड आटतं.

वाळलेलं लाकूडही पूर्ण कोरडं कधीच नसतं. भोवतालच्या हवेशी त्याची देवघेव सतत चालू असते. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड साधारण ६ टक्के पाण्यावर स्थिरावतं, ६५ टक्के असेल तर १२ वर, ८० असेल तर १६ वर आणि ९० झाली की २० च्या आसपास. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते आणि जुलैत मुंबईची हवा ८५ टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात केलेलं कपाट पावसाळ्यात डोंबिवलीला नेलं आणि त्याचे खण अडकू लागले, तर सुताराला बोल लावण्यात अर्थ नाही. भारतीय मानक ब्युरोनेही याच कारणाने हवेच्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडले आहेत आणि प्रत्येक विभागात बांधकामाच्या लाकडात किती ओल चालेल ते वेगवेगळं ठरवून दिलं आहे. कोकणपट्टीसाठी ते प्रमाण राजस्थानपेक्षा अर्थातच जास्त आहे.

पाऊस सुरू झाला की दार चौकटीत अडकतं, हे आपल्याकडे घरोघरचं. ते नेमकं किती फुगतं याचा हिशेब सोपा आहे. लाकूड लांबीच्या दिशेने जवळपास वाढतच नाही. वाढतं ते रुंदीत आणि जाडीत. त्यातही वार्षिक कड्यांच्या बाजूने जेवढं वाढतं, त्याच्या निम्म्याने गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत वाढतं. सागाच्या बाबतीत कड्यांच्या बाजूची वाढ पाण्याच्या दर टक्क्यामागे सुमारे ०.२ टक्के धरता येते. उन्हाळ्यात १० टक्क्यांवर असलेलं दार श्रावणात १६ टक्क्यांवर गेलं, म्हणजे पाणी ६ टक्क्यांनी वाढलं. दार ९० सेंटिमीटर रुंद आणि सलग फळ्या जोडून केलेलं असेल तर ते सुमारे एक सेंटिमीटरने रुंद होणार. एवढी फट चौकटीत कोण ठेवतो?

जुन्या सुतारांनी यावर जी तोड काढली ती फार सुंदर आहे. त्यांनी दोन उभ्या पट्ट्या आणि दोन-तीन आडव्या पट्ट्या कुसू करून एकमेकींत घट्ट बसवल्या आणि मधल्या मोकळ्या चौकोनांत पातळ फळ्या खाचेत नुसत्या सरकवल्या. ना खिळा, ना सरस. पावसाळ्यात फळी खाचेतल्या खाचेत फुगते, उन्हाळ्यात आटते आणि बाहेरून काहीच कळत नाही. दाराची रुंदी बदलते ती फक्त दोन उभ्या पट्ट्यांपुरती. त्या प्रत्येकी दहा सेंटिमीटरच्या असल्या तर फरक पडतो दोन-अडीच मिलिमीटर. आज कारखान्यातून येणाऱ्या पॅनेलच्या दारामागेही तत्त्व हेच. फक्त काही ठिकाणी मधली फळी खाचेत फेविकॉल घालून डकवतात आणि मग ती पहिल्याच उन्हाळ्यात मधोमध तडकते.

जुलैत दार अडकलं की लगेच सुताराला बोलावून कड रंधून घेण्याची आपल्याला घाई असते. ते करू नये. त्या वेळी लाकूड वर्षातलं सगळ्यात फुगलेलं असतं. तेव्हा रंधलेलं दार फेब्रुवारीत खुळखुळतं आणि फटीतून वारा येतो. शिवाय रंधलेली कड उघडी राहते आणि पुढच्या पावसात पूर्वीपेक्षा जास्त ओल पिते. फारच अडत असेल तर जिथे घासतंय तेवढीच जागा पॉलिशपेपरने घासावी आणि खरं काम दिवाळीनंतर करावं. दार वाकण्याचं एक नवं कारण एसीने आणलं आहे. झोपायच्या खोलीत एसीची कोरडी हवा आणि बाहेर पॅसेजमध्ये दमट हवा. दाराची एक बाजू आटते, दुसरी फुगते आणि दार धनुष्यासारखं वाकतं. दोन्ही बाजूंना, आणि वरच्या-खालच्या कडांनाही सारखंच पॉलिश असेल तर हे बरंच कमी होतं. वरची कड कुणाला दिसत नाही, म्हणून तिथे पॉलिश करणाराचा ब्रश सहसा पोहोचत नाही. खुर्चीवर चढून हात फिरवून बघा.

फुगणं-आटणं हा त्रास आहे, पण त्याने लाकूड मरत नाही. मरतं ते कुजून. आणि कुजवणारी बुरशी ही सजीव आहे, तिला जगायला चार गोष्टी लागतात: खायला लाकूड, श्वासाला हवा, सोसवेल असं तापमान आणि पाणी. कोकणातलं पावसाळ्यातलं २५ ते ३० अंश तापमान तिला मानवतं. लाकूड आणि हवा तर आहेतच. आपल्या हातात उरतं फक्त पाणी. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर ही बुरशी वाढू शकत नाही. तिला नीट पसरायला ओल ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर, आणि तीही बराच काळ, लागते.

मघाचे आकडे आठवा. नव्वद टक्के आर्द्रतेच्या हवेतही लाकूड जेमतेम २० टक्क्यांपर्यंत पोहोचतं. म्हणजे नुसत्या दमट हवेने लाकूड कुजत नाही. कुजायला त्याच्या अंगावर प्रत्यक्ष पाणी यावं लागतं. ते गळती, शिंतोडे, भिंतीतली ओल किंवा गार पृष्ठभागावर जमलेलं दव यांतून येतं. आणि आल्यावर ते तिथेच मुरत राहावं लागतं. कार्ल्याच्या फासळ्यांवर पाऊस पडत नाही, त्या जमिनीपासून उंच आहेत आणि त्यांच्या भोवती मोकळी हवा खेळते. पावसाळ्यात त्या ओलसर होतात आणि हिवाळ्यात वाळतात. दर वर्षी वाळायला मिळतं, एवढ्यावर त्या टिकल्या आहेत.

पावसाळ्यात फर्निचरवर येणारी हिरवट-पांढरी बुरशी वेगळी. ती वरवरच्या धुळीवर, तेलकटपणावर जगते आणि कोरड्या फडक्याने पुसली जाते. तिने लाकडाची ताकद जात नाही, पण त्या कोपऱ्यात हवा अडली आहे हे ती सांगते. कुजलेलं लाकूड ओळखायचं तर पेचकस घ्या आणि रंगाखाली हलकेच टोचा. चांगलं लाकूड टोक परतवतं आणि टोचलेल्या जागी लांब धागे निघतात. कुजलेल्यात टोक बुडतं आणि आतलं लाकूड चौकोनी तुकडे होऊन सुटतं.

सतत पाण्यातच बुडालेलं लाकूडही टिकतं, ते वेगळ्या कारणाने. तिथे हवा नसते, म्हणून कुजवणारी बुरशी जगू शकत नाही. व्हेनिस शहराच्या इमारती शतकानुशतकं चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभ्या आहेत. आपल्याकडे विहिरीच्या तळाशी जांभळाच्या लाकडाचं कडं टाकत. सगळ्यात वाईट अवस्था मधली. कधी भिजतंय, कधी अर्धवट सुकतंय आणि पुन्हा भिजतंय. जमिनीत पुरलेला खांब जमिनीच्या पातळीवरच कुजतो, त्याचं कारण हेच.

आता पुन्हा त्या बाथरूमच्या दाराकडे. आंघोळीचं पाणी उडतं, फरशीवर साचतं आणि दाराच्या खालच्या कडेला लागतं. ही कड म्हणजे उभ्या पट्ट्यांचं तोंड. झाडात ज्या नळ्यांतून पाणी वर जात होतं त्यांची उघडी तोंडं इथे आहेत. बाजूच्या पृष्ठभागापेक्षा या तोंडांतून लाकूड कितीतरी पटींनी जास्त वेगाने पाणी ओढतं. समोरून-मागून ऑइलपेंटचे तीन हात दिलेले असतात, खाली मात्र कोरं लाकूड. पाणी खालून आत शिरतं आणि रंगाच्या थरामुळे बाजूंनी बाहेर पडू शकत नाही. मग रंगाला फुगे येतात. रंग खराब म्हणून आपण तो खरवडून आणखी एक हात देतो आणि पाण्याची उरलीसुरली वाटही बंद करतो. दार बसवण्याआधी खालच्या कडेला इपॉक्सी किंवा प्रायमरचे दोन-तीन भरपूर हात द्यायचे आणि फरशीपासून बोटभर फट ठेवायची, एवढं केलं तरी त्याचं आयुष्य कितीतरी वाढतं.

चौकटीची गोष्ट तीच. पूर्वी तिचे पाय फरशीत पुरत आणि ते कुजत. आता मुंबई-पुण्यात बाथरूमला सर्रास ग्रॅनाइटची चौकट बसवतात, आणि ते योग्य आहे. दगड खाली, लाकूड वर, ही कल्पना जुनीच आहे. वाड्याचा लाकडी खांब कधी जमिनीत रोवला जात नसे, तो दगडी तळखड्यावर उभा राही. जमिनीतून चढणारी ओल दगडापाशी थांबे आणि वाळवीलाही आडोसा मिळत नसे. वाळवी मातीतून येते, तिला ओल लागते. तळखड्यावरून चढायचं तर तिला मातीची नळी उघड्यावर बांधावी लागते, आणि ती सकाळी झाडताना दिसते.

कोकणातलं जुनं घर हे ओल्या हवेत लाकूड कसं वापरावं याचं मोठं उत्तर होतं. जोतं उंच, छपराची पागोळी भिंतीपासून चांगली लांब, चारी बाजूंना पडवी. कौलांच्या फटींतून हवा खेळती आणि चुलीचा धूर वाशांपर्यंत जाई. त्या उबेने वासे कोरडे राहत आणि धुराच्या काजळीने कीड दूर राही. लाकूडही जागेप्रमाणे निवडलेलं. दारं-खिडक्यांना साग किंवा फणस, वाशांना किंजळ आणि ऐन. लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल चोपडण्याची चाल होती. त्या तेलाने अंगावर फोड येतात, आणि किडीलाही ते तितकंच नकोसं.

अशा घरांची डागडुजी करताना आज एक चूक फार होते आणि ती बघून जीव तुटतो. चुन्याची किंवा मातीची भिंत खरवडून वर सिमेंटचा गिलावा करतात आणि त्यावर पाणी न शिरू देणारा रंग. चुना श्वास घेतो, म्हणजे भिंतीतली ओल त्यातून हळूहळू बाहेर पडते. सिमेंट ती अडवतं. मग ती ओल जिथे वाट मिळेल तिथे जाते, आणि वाट मिळते ती भिंतीत बसवलेल्या तुळईच्या टोकाची. बाहेरून भिंत गुळगुळीत, आणि आत शंभर वर्षं टिकलेल्या तुळईचं टोक पाच-दहा वर्षांत भुसा झालेलं. तुळईच्या टोकाभोवती थोडी मोकळी जागा ठेवायची, त्याखाली दगड घालायचा आणि भिंत चुन्यातच दुरुस्त करायची. खर्च थोडा जास्त येतो, पण घर राहतं.

शहरातल्या घरात लाकूड म्हणजे बहुतेक प्लायवूड, आणि तिथे प्रश्न डिंकाचा असतो. दुकानात ‘एमआर’ प्लाय मागितला की ‘मॉइश्चर रेझिस्टंट’ असं सांगतात आणि गिऱ्हाईक निर्धास्त होतं. तो हवेतला दमटपणा सोसतो, पाणी सोसत नाही. त्यातला युरिया फॉर्माल्डिहाइडचा डिंक उष्ण आणि ओल्या जागी हळूहळू सुटतो आणि थर वेगळे होतात. ‘बीडब्ल्यूपी’ किंवा मरीन प्लायमध्ये फिनॉल फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो आणि आयएस ७१० या मानकाप्रमाणे त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटता कामा नयेत. सिंकखालचं कपाट, बाथरूमचं दार, वॉशबेसिनखालचा खण यांना हाच घ्यावा. फळीवर छापलेला आयएस क्रमांक स्वतः वाचून घ्यावा. पण डिंक टिकला म्हणून आतलं लाकूड अमर होत नाही. कडा उघड्या असतील तर मरीन प्लायही पाणी पितो आणि कुजतो.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डाचं दुखणं वेगळं. त्यातले धागे आणि कण प्रचंड दाबाखाली चेपून बसवलेले असतात. पाणी लागलं की ते दाबातून सुटतात आणि उसळून वर येतात. नंतर कितीही वाळवलं तरी मूळ जाडी परत येत नाही. तयार मॉड्युलर किचनमध्ये सिंकखालची फळी फुगून पावासारखी होते ती अशी. ओल्या जागेत हे बोर्ड वापरूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून बसवण्याऐवजी मागे इंचभर जागा सोडावी आणि पाठीच्या फळीलाही सनमायका किंवा सीलर द्यावा. एकाच बाजूला सनमायका असला की फळी दुसऱ्या बाजूने ओल घेते आणि वाकते.

रसायनांचा आधार घ्यायचा तर घरातल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं द्रावण चांगलं. ते कीड आणि बुरशी दोन्ही रोखतं आणि माणसाला त्याचा धोका कमी. मात्र ते पाण्यात विरघळून निघून जातं, म्हणून उघड्यावरच्या लाकडाला उपयोगी नाही. उघड्यावरच्या लाकडासाठी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये शोधलं आणि पुढे ते जगभर पोहोचलं. तारेचे खांब, कुंपणं, रेल्वेचं लाकूड त्याने टिकवलं. त्यातल्या आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरातून ते मागे घेतलं गेलं. राहत्या घरात ते नकोच.

रसायनापेक्षा हवा जास्त काम करते. फिनलंडच्या सौनाघरात तापमान ८० अंशांच्या वर जातं, तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफ करतात आणि भिंती, बाकं सगळी लाकडाची असतात, बहुधा रंग-पॉलिशाशिवाय. ती टिकतात, कारण वापर झाल्यावर उरलेल्या उष्णतेवर खोली पूर्ण वाळू देतात. आपल्या बाथरूममध्ये आंघोळ झाली की दिवा आणि एक्झॉस्ट पंखा एकदमच बंद होतात. पंखा पुढे अर्धा तास चालू द्यावा आणि दार उघडं ठेवावं.

बंद कपाटासाठी जुना उपाय पिवळ्या बल्बचा. कॅमेऱ्याची भिंगं जपणारे लोक तो अजून करतात. हवा २७ अंशांवर ९० टक्के आर्द्र असेल आणि ती पाच अंशांनी तापवली तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास उतरते. लाकडाच्या भाषेत २० टक्क्यांवरून १२-१३ टक्क्यांवर. एलईडी दिव्याने हे साधत नाही, त्याला उष्णताच कमी. बल्ब लावायचा तर कपड्यांपासून लांब, जाळीच्या आत.

शेवटी वखारीतली गोष्ट. ‘सागवान’ म्हटलं की आपण निश्चिंत होतो. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्यं असतात, टेक्टोक्विनोन नावाचा घटक वाळवीला दूर ठेवतो आणि लाकूड फुगतंही कमी. हे सगळं गाभ्यातलं आहे. सालीलगतच्या फिकट भागात ही द्रव्यं नसतात. तो भाग सागाचा असला तरी आंब्याच्या लाकडासारखा किडतो आणि कुजतो. जुन्या जंगलातल्या मोठ्या झाडांत गाभा भरपूर असे. आता लागवडीची झाडं लहान वयात तोडली जातात आणि त्यांत फिकट भागाचं प्रमाण जास्त असतं. म्हणून फळी घेताना तिचं तोंड बघावं. सोनेरी-तपकिरी गाभा कुठे संपतो आणि पिवळट-पांढरा भाग कुठे सुरू होतो ते तिथे स्वच्छ दिसतं. पांढरा भाग असलेल्या फळ्या माळ्याला, दिवाणखान्यातल्या कपाटाला चालतील. चौकटीच्या पायाला आणि खिडकीच्या खालच्या पट्टीला निखळ गाभाच मागावा, आणि पॉलिश चढण्याआधी, लाकूड कोरं असतानाच, सुताराच्या शेजारी उभं राहून तो बघून घ्यावा.